आपली सावली काढा

“आपली सावली काढा.”

बाई माझ्याशी बोलल्या ते हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, आपण कोण, कुठल्या मजल्यावर आलात, काही नाही. शुक्रवार पेठेतली जागा सोडून आम्ही बिबवेवाडीच्या या सोसायटीत राहायला आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी टीव्हीच्या अँटेनासाठी जागा बघायला मी गच्चीत गेलो होतो. दक्षिणेच्या कोपऱ्यात एक बाई पत्र्याच्या पेटीसमोर उकिडव्या बसल्या होत्या. डोक्यावर पदर आणि पदरावर क्रिकेटच्या अंपायरची असते तशी पांढरी टोपी. हे काय प्रकरण आहे म्हणून मी जरा पुढे झालो, तर मान वर न करता हा हुकूम. मी म्हटलं, “काय?” तर म्हणाल्या, “सावली. आपली. माझ्या भातावर पडलीये.”

मी बाजूला झालो. आदरानं वगैरे नव्हे, कुणी अंगावर खेकसलं की माणूस आपोआप हलतो तसा. खाली येऊन बायकोला सांगितलं, वर एक विक्षिप्त बाई राहते, जपून. पुढची बरीच वर्षं मी त्या बाईंशी भांडलो. जिन्यात भांडलो, पार्किंगमध्ये भांडलो, सोसायटीच्या सभेत भांडलो. तेव्हा आता मी त्यांची आरती ओवाळायला बसलोय असं कुणी समजू नये. जे होतं ते लिहितोय, कारण हल्ली आमच्या सोसायटीत बाईंबद्दल जे गोडगोड बोललं जातं ते ऐकून माझं डोकं फिरतं.

बाई म्हणजे महानगरपालिकेच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिका. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. त्यांचं जेवण गच्चीतल्या त्या पेटीत शिजायचं. पेटी आतून काळी, वर दुहेरी काच आणि झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा. काळ्या डब्यांतून डाळ-तांदूळ लावायचे, आरसा सूर्याकडे वळवायचा आणि ऊन सरकेल तशी पेटी सरकवायची. त्यासाठी बाई टोपी घालून दिवसभर खाली-वर करत असत. वाटेत वाळत घातलेली चादर असो की जिवंत माणूस, दोघांना हुकूम एकच. शेंगदाणे भाजायचे ते त्यात, रवा भाजायचा तो त्यात, उन्हाळ्यात साखरांबा करायचा तोही त्यात. घरात गॅस होता, पण चहापुरता. “आणि पावसाळ्यात हो?” मी एकदा खवचटपणे विचारलं. “पावसाळ्यात गॅस. मी हट्टी आहे, वेडी नाही,” असं उत्तर मिळालं.

आता माझं सांगतो. माझा धंदा जनरेटर भाड्यानं देण्याचा. स्वारगेटजवळ गाळा होता, टेम्पो होते, हाताखाली माणसं होती. ते दिवस आमच्या धंद्याला सोन्याचे होते. देशाची दारं उघडली असं पेपरात यायचं. त्या दारातून कोण आत आलं मला ठाऊक नाही, पण पुण्यात गल्लोगल्ली कॉम्प्युटरची ऑफिसं निघाली आणि वीज मात्र पूर्वीसारखीच बेभरवशाची राहिली. दिवे गेले की सगळ्यांना माझी आठवण व्हायची. मी जनरेटर लादलेला टेम्पो संध्याकाळी सोसायटीत आणून लावायचो आणि सकाळी निघण्यापूर्वी मशीन चालू करून बघायचो. थोडा काळा धूर यायचा, नाही कशाला म्हणू? तो वर पोचायच्या आत बाईंची खिडकी उघडायची.

“अहो डिझेल! आपला धूर माझ्या घरात राहायला आलाय. त्याला परत घेऊन जा.”

हे नाव मला चिकटलं ते कायमचं. सोसायटीतली पोरं डिझेलकाका म्हणायला लागली, मग पोस्टमन म्हणायला लागला, आणि पुढे पुढे माझी बायकोसुद्धा रागावली की डिझेल म्हणूनच हाक मारायची. बाईंनी मला शेवटपर्यंत दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. वर ‘अहो’ आणि ‘आपण’ लावायला मात्र त्या कधी विसरल्या नाहीत. पुण्यात माणसाचा अपमानसुद्धा अहोजाहो करूनच करतात.

मीही गप्प बसणारा नव्हतो. “तुमच्या सूर्यावर एखादं ऑपरेशन करून दाखवा,” मी जिन्यात म्हणायचो. “हॉस्पिटलातले दिवे गेले की डॉक्टर मला फोन करतात, सूर्याला नाही.”

“हॉस्पिटलला द्या ना, कोण नको म्हणतंय?” बाई म्हणायच्या. “पण परवा नवरदेवाच्या घोड्यामागून जनरेटर ढकलत नेत होतात, त्यातला पेशंट कोण होता? नवरा की घोडा?”

“मग घरातल्या दिव्यांचं काय? तुम्ही रात्री अंधारात बसता का?”

“नाही बसत. दिवा लावते आणि लाज बाळगते. तिकडे विदर्भात कोळसा जळतो, तिथली माणसं राख खातात आणि आपण इथे पंख्याखाली बसून म्हणतो, पुण्याची हवा काय छान आहे हो!”

यावर मी “असेल” म्हणून खाली उतरायचो. पटलं म्हणून नाही, मला गाळ्यावर जायला उशीर व्हायचा म्हणून.

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सदा हसतमुख, आवाज साखरेचा, कुणाला ‘अरे’सुद्धा म्हणणार नाहीत. मला असल्या माणसांची पहिल्यापासून चीड आहे. बाई एकदा पेटीत सुकट घालून काहीतरी करत होत्या. लगेच जिन्याखालच्या फलकावर सूचना लागली, गच्चीत मांसाहारी पदार्थ शिजवू नयेत. बाई फलकासमोर उभ्या राहून भर जिन्यात म्हणाल्या, “पेटीला झाकण आहे. झाकणाला दोन काचा आहेत. मग वास यांच्या नाकात कुठून शिरला?” सेक्रेटरी हसले. “तसं काही नाही हो बाई, नियम सगळ्यांना सारखाच.” बाई वर गेल्यावर माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “त्यांच्यात चालतं ना हो सगळं. आपल्यालाच सांभाळून घ्यावं लागतं.”

बाई बौद्ध. त्यांच्या दारात उभं राहिलं की समोर बुद्धाची मूर्ती दिसायची. माझ्या घरी दर रविवारी मटण शिजायचं आणि त्याचा वास तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जायचा. मला आजवर एकाही सूचनेनं शिवलेलं नाही. तेव्हा नियम सगळ्यांना किती सारखा होता ते मला सांगू नका. मी सेक्रेटरींना तेव्हाच म्हटलं, “आपल्याला म्हणजे कुणाला? मी तर काल खिमा खाल्लाय.” ते पुन्हा हसले आणि निघून गेले.

मग मोबाइल आले. एका कंपनीला आमच्या गच्चीत टॉवर उभा करायचा होता. टॉवर म्हटला की त्याची केबिन आली, आणि दिवे गेले तरी टॉवर चालला पाहिजे म्हणून शेजारी डिझेलचा जनरेटर आला. कंपनीच्या माणसानं गच्ची फिरून नेमका दक्षिणेचा कोपरा पसंत केला. सोसायटीला घरबसल्या भाडं मिळणार म्हणून सगळे खूश. फक्त वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांची संमती हवी होती. बाईंनी कागद वाचला, परत केला आणि म्हणाल्या, “तो कोपरा माझा नाही, मान्य. पण तिथलं ऊन तुमच्या बापाचंही नाही.”

त्या दिवसापासून बाईंच्या चुलीवर सगळी सोसायटी उठली. आधी गोड बोलून झालं. मग बाईंशी बोलणं बंद झालं. मग एका सकाळी गच्चीच्या दाराला कुलूप लागलं. पाण्याच्या टाक्यांची सुरक्षितता असं कारण फलकावर आलं आणि किल्ली सेक्रेटरींच्या घरी गेली. ज्या बाईचा भात गच्चीत शिजतो तिच्या गच्चीला कुलूप म्हणजे काय, हे त्या जिन्यातल्या प्रत्येकाला कळत होतं. भाजी निवडता निवडता बायका बघत राहिल्या आणि पेपर वाचता वाचता पुरुष.

बाई भांडल्या नाहीत. कुलूप लागलं त्या दिवशी त्यांनी पेटी पायरीपायरीनं टेकवत खाली आणली आणि पार्किंगमध्ये, माझ्या टेम्पोशेजारी मांडली. तिथे सकाळी ऊन यायचं, पण टेम्पोवर लादलेल्या जनरेटरची सावली आडवी पडायची. माझ्या दाराची घंटा वाजली. “अहो डिझेल, सावली काढा.” मी म्हटलं, ही माझी पार्किंगची जागा आहे, सोसायटीनं लेखी दिलेली. त्या म्हणाल्या, “जागा आपलीच आहे. मी सावलीबद्दल बोलतेय.” मी चरफडत खाली जाऊन टेम्पो मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बायकोनं विचारलं, “एवढे तावातावानं भांडता आणि रोज टेम्पो का हलवता?” मी म्हटलं, सकाळी सकाळी कटकट नको.

एका दुपारी पेटी चांगली तापलेली असताना वरून पाणी पडलं. तापलेल्या काचेवर गार पाणी, काच तडकली. कुंड्यांना घालताना सांडलं म्हणे. कुंड्या सेक्रेटरींच्या गॅलरीत होत्या आणि त्यांना पाणी घालायची वेळ भर दुपारची नसते. बाईंनी वर बघितलंसुद्धा नाही. डाळीत काचेचा कण गेला असेल म्हणून सगळी डाळ कचऱ्यात ओतली आणि काच मोजायला त्या टेप शोधू लागल्या. टेप माझ्या टेम्पोत होती, ती मी दिली. त्यांनी पेटी दोनदा मोजली, दोन्ही वेळा आकडा वेगळा आला. त्या बाईंचं माप चुकलेलं मी तेवढंच पाहिलं, आणि त्या क्षणी मला सेक्रेटरींच्या सगळ्या कुंड्या रस्त्यावर फेकून द्याव्याशा वाटल्या. बाईंनी बोहरी आळीतून नवी काच कापून आणली. मी टेम्पो तिथून काढून भिंतीला चिकटवून लावला, बरोबर त्या गॅलरीखाली. आता वरून काही सांडलं तर ते माझ्या टेम्पोवर सांडणार होतं. याबद्दल मी बाईंशी बोललो नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. फक्त त्यानंतर त्या घंटा वाजवायला आल्या नाहीत.

शेवटी सभा झाली. पार्किंगमध्येच, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून. सेक्रेटरी म्हणाले, “बाई, समाजाबरोबर चालायला शिका.” बाई म्हणाल्या, “समाज कुठे चाललाय ते आधी सांगा, मग चप्पल घालते.” कुणी हसलं नाही. कुणाच्या तरी ओळखीच्या वकिलानं संमतीचा अडसर कसा दूर करायचा ते सांगितलंच होतं. टॉवरच्या बाजूनं हात वर झाले, त्यात माझाही होता. जनरेटरचं काम मलाच मिळणार होतं आणि ते मिळालं. धंदा होता माझा. आज कुणी विचारलं तरी मी हेच सांगेन.

त्याच सुमाराला सोसायटीनं सौर हीटरही बसवले. सूर्यावर प्रेम जडलं म्हणून नव्हे, घरपट्टीत सूट मिळते म्हणून. सेक्रेटरी बाईंना मुद्दाम म्हणाले, “बघा, आता तरी खूश ना? आपल्याच आवडीचं बसवलंय.” पण दक्षिणेला उभी टॉवरची केबिन. तिच्या भिंतीकडे तोंड करून हीटर बरे दिसेनात, म्हणून त्यांची तोंडं उत्तरेला केली. बाईंनी एकदाच सांगितलं, आपल्याकडे हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो, असं बसवाल तर पाणी तापणार नाही. “शाळेत शिकवणं वेगळं बाई,” सेक्रेटरी म्हणाले, “हे इंजिनिअरनी बसवलंय.” मग थंडी पडली. सगळी सोसायटी नळाखाली बादल्या लावून गरम पाण्याची वाट बघत बसली आणि शेवटी गिझर लावून कामावर गेली. मे महिन्यात सूर्य आपल्या डोक्यावरून जरा उत्तरेला सरकतो. तेव्हा, जेव्हा टाकीतलं साधं पाणीच अंग भाजतं, नेमकं तेव्हा त्या हीटरमधून उकळतं पाणी यायला लागलं. मी इतका हसलो की बायकोनं खिडकी लावून घेतली. घरपट्टीतली सूट मात्र बाराही महिने मिळत राहिली.

पुढे भारनियमनाचे दिवस आले. वीज तासन् तास जायची. जनरेटर बाईंच्या झोपायच्या खोलीवर धडधडायचा. डिझेलचे कॅन घेऊन मी किंवा माझा माणूस त्यांच्या दारावरून वर जायचो. दार उघडं असायचं. बाई खुर्चीत बसून, दारू पिणाऱ्या नातेवाइकाची चौकशी करावी तसं विचारायच्या, “आज किती प्यायला तुमचा?” मी आकडा सांगायचो. त्या मान डोलवायच्या आणि पुन्हा पुस्तकात बघायच्या. त्यांच्या मांडणीवरची भांडी सतत किणकिणायची, ते जिन्यात ऐकू यायचं. मी रबराचे जाड तुकडे आणून मशीनखाली घातले. आवाज थोडा कमी झाला, थांबला नाही. तो थांबवणं माझ्या हातात नव्हतं, निदान तसं कंत्राट नव्हतं.

एक दिवस बाईच माझ्याकडे आल्या. “आपला टेम्पो भाड्यानं मिळेल का? सामान फार नाही. वाघोलीला जायचंय.” वाघोलीला त्यांच्या भाचीनं फ्लॅट घेतला होता. वरच मोकळी गच्ची होती. मी म्हटलं, “वाघोली? तिकडे काय आहे?” त्या म्हणाल्या, “ऊन आहे.”

निघालो त्या दिवशी सोसायटीतून निरोप द्यायला फक्त माझी बायको खाली आली होती. बाईंच्या हातात तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली आणि ती रडली. बाई माझ्या शेजारी, डिझेलच्या टेम्पोत बसल्या. पेटी मागे गाद्यांत ठेवली होती. काचेचं झाकण मात्र चादरीत गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. येरवड्याच्या पुढे गाड्यांच्या गर्दीत आम्ही अडकलो. पुढच्या ट्रकचा धूर सरळ आत येत होता. मी काच वर केली. तेव्हा बाई बोलायला लागल्या, माझ्याकडे न बघता.

“माझे वडील रेल्वेत इंजिनात कोळसा टाकायचे. घरी आले की आई त्यांना अंगणात उभं करून पाणी घालायची. खाली काळा ओघळ जायचा. आम्हाला मौज वाटायची, आम्ही त्यात होड्या सोडायचो. मग त्यांच्या खोकल्यातून काळं यायला लागलं. ते आंघोळीनं जाईना.” ट्रक हलला, मी गिअर टाकला. “मी शाळेत शिकवायचे, कोळसा म्हणजे फार फार पूर्वीचं ऊनच, जमिनीत गाडलं गेलेलं. दर वर्षी फळ्यावर लिहायचे. एका वर्षी लिहिता लिहिता वाटलं, अगं, मग आज पडतंय ते घ्यायला काय हरकत होती? जुनंच खणून काढायला माझा बाप का लागला?”

मी म्हटलं, “तुमच्या बाजूचं दार नीट लागलंय ना?” त्या म्हणाल्या, लागलंय.

वाघोलीला तेव्हा इमारतींपेक्षा मोकळं रान जास्त होतं. वॉचमन म्हणाला, “पानी टँकरचं हाय बाई, जपून वापरा. बाकी समदं हाय.” बाईंनी सामानाला हात लावण्याआधी पेटी गच्चीत नेऊन मांडली, डाळ-तांदूळ लावले आणि मगच म्हणाल्या, “हं, आता उतरवा बाकीचं.” आम्ही कपाट, खाट, पुस्तकांची खोकी वर चढवेपर्यंत जेवण शिजलं होतं. इतकी वर्षं त्या पेटीशी भांडलो, पण तिच्यातलं अन्न पहिल्यांदा खाल्लं ते त्या दिवशी, बायकोच्या लोणच्याबरोबर, गच्चीत बसून. खरं सांगतो, चवीत काही खास नव्हतं. वरणासारखं वरण होतं. मी दोनदा वाढून घेतलं.

निघताना त्या म्हणाल्या, “आता आपण भांडणार कुणाशी? सेक्रेटरींशी भांडत जा, सवय मोडणार नाही.”

नगर रस्त्याला काम निघालं की मी वाघोलीला वाट वाकडी करायचो. गेलो की बाई आधी टेम्पोचा धूर किती हे सांगायच्या, मग चहा द्यायच्या. दर खेपेला त्यांच्या गच्चीभोवतीचं रान कमी झालेलं असायचं. मग त्यांच्या दक्षिणेलाच एक उंच इमारत उठली. मी थंडीत गेलो तेव्हा भर दुपारी सगळी गच्ची सावलीत होती. बाई टोपी घालून पेटीजवळ बसल्या होत्या आणि पेटी बंद होती. मला बघून समोरच्या इमारतीकडे बोट करून म्हणाल्या, “अहो डिझेल, ही कुणाला काढायला सांगू?”

मला इतका राग आला की कुणाच्या तरी कानाखाली वाजवावी. पण कुणाच्या? बिल्डर तिथे नव्हता आणि असता तरी त्याचे कागद चोख असणार. मी म्हटलं, भाचीच्या घरात गॅस आहे ना, मग झालं तर. त्या म्हणाल्या, “हो, आता बाराही महिने पावसाळा.” मग थोड्या वेळानं विचारलं, “आपल्या गच्चीतला तो कोपरा? अजून केबिन आहे तिथे?” मी सांगितलं, कंपन्या एकमेकींत विलीन झाल्या, आमचा टॉवर उतरवला, जनरेटर मीच खाली आणला. आता कोपरा रिकामा आहे. बाई “अस्सं” म्हणाल्या आणि चहा करायला उठल्या.

नंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. मला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. काही दिवसांनी त्यांची भाची रिक्षातून पेटी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. मी म्हटलं, “अगं, मला कशाला? मी जनरेटरवाला माणूस.” ती म्हणाली, “आत्यानं सांगून ठेवलं होतं, डिझेलकडे द्या. कोपरा रिकामा आहे म्हणे.” भाचीसमोर मला रडू आवरलं नाही. बायको आतून पाणी घेऊन आली ती तशीच भांडं धरून उभी राहिली.

आता आमच्या सोसायटीत गच्चीवर विजेची सौर पॅनेलं बसतायत. जिकडेतिकडे सूर्यच सूर्य चाललंय, सरकारही म्हणतंय आणि बँकाही म्हणतायत, त्यामुळे आमचे सेक्रेटरीही म्हणतात. पॅनेलांची तोंडं या वेळी दक्षिणेला आहेत. परवा ते काठी टेकत गच्चीत आले. वय झालंय, पण आवाज अजून साखरेचाच. मी कोपऱ्यात बसलो होतो.

“अहो, बाईंची ती पेटी आपल्याकडे आहे ना? उद्घाटनाला खाली प्रवेशद्वारात काचेच्या कपाटात ठेवू म्हणतो. वर पाटी लावू, ‘सोसायटीच्या सौरऊर्जेचं प्रेरणास्थान’. बाईंचं स्वप्न पूर्ण करतोय आपण.”

“गच्चीला कुलूप कुणी लावलं होतं, तेही पाटीवर लिहिणार का?” मी विचारलं. “आणि काच कशी तडकली ते?”

“काय हे, जुन्या गोष्टी! तो काळच वेगळा होता हो.”

“काळ वेगळा असेल. ऊन हेच होतं.”

ते हसले. वर्षानुवर्षं हसत आले तसेच हसले आणि आणखी दोन पावलं पुढे आले. “बरं, राहू दे. पेटी तेवढी द्या. नाहीतरी पडूनच असेल.”

“देता येणार नाही,” मी म्हटलं. “वापरात आहे.”

त्यांनी वाकून बघितलं. काचेखाली डबे होते.

“आणि आता आपली सावली काढा,” मी म्हणालो. “माझ्या भातावर पडलीये.”

ते बाजूला झाले.